नामानिराळं राहण्याची वर्गणी

२००९ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातून नव्यानेच निवडून आलेले काँग्रेस सदस्य टॉम पेरिएलो यांच्या कार्यालयात काही पत्रं येऊन पडली. त्यांतल्या एका पत्राच्या माथ्यावर ‘क्रेसिएंदो हुंतोस’ या शार्लट्सव्हिलमधल्या संस्थेचं नाव होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांसाठी काम करणारी ही छोटी संस्था. पत्राचा सूर काकुळतीचा होता. आमच्या लोकांची कमाई तुटपुंजी, त्यात वीजबिल वाढलं तर घर चालवणं मुश्कील होईल, तेव्हा उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या हवामान विधेयकावर मत देताना आमच्यासारख्यांचा विचार करा. खाली नाव, हुद्दा, सही, सगळं रीतसर. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या नावानेही अशीच पत्रं आली होती.

सगळी पत्रं बनावट होती. सही करणारी माणसं त्या संस्थांमध्ये कधी नव्हतीच. पेन्सिल्व्हेनियातल्या आणखी दोन सदस्यांनाही तशीच पत्रं गेल्याचं पुढे उघड झालं.

मग पत्रं लिहिली कोणी? वॉशिंग्टनच्या ‘बॉनर अँड असोसिएट्स’ या फर्मने. बॉनरला हे काम दिलं होतं ‘हॉथॉर्न ग्रुप’ या दुसऱ्या फर्मने. हॉथॉर्नचं गिऱ्हाईक होतं ‘अमेरिकन कोॲलिशन फॉर क्लीन कोल इलेक्ट्रिसिटी’, म्हणजे ‘स्वच्छ कोळसा’वाल्यांची संघटना. आणि ती संघटना चालत होती खाणमालक, कोळसा वाहणाऱ्या रेल्वे कंपन्या आणि कोळशावर वीज करणाऱ्या कंपन्या यांच्या वर्गणीवर. प्रकरण बाहेर आलं तेव्हा बॉनरने एका हंगामी कर्मचाऱ्यावर खापर फोडून त्याला काढून टाकलं. कोळसा संघटना म्हणाली, आमचीच फसवणूक झाली. काँग्रेसच्या समितीने चौकशी केली तेव्हा असं दिसलं की पत्रं बनावट असल्याचं संघटनेला मतदानाआधीच कळलं होतं, पण सदस्यांना तसं सांगायची तसदी मतदान उरकेपर्यंत कोणी घेतली नव्हती. २६ जूनला ते विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ असं काठावर मंजूर झालं. पेरिएलो यांनी बाजूने मत दिलं.

खाणमालकापासून त्या पत्रापर्यंत पायऱ्या मोजून पाहा. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला ‘खाली काय चाललंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय आहे. वर्गणी भरणाऱ्या कंपनीला तर ती सर्वांत जास्त. या प्रकरणात मला बोलायचं आहे ते या सोयीबद्दल.

संघटना असण्यात वावगं काही नाही. आपल्याकडे बाजार समितीतल्या कांदा व्यापाऱ्यांची असते, औषध दुकानदारांची असते, तशी तेलवाल्यांचीही असते. सरकारदरबारी गाऱ्हाणं मांडणं हा अमेरिकेत घटनेने दिलेला हक्क आहे आणि लॉबिंग हा तिथे उघड, नोंदणीकृत धंदा आहे. शिवाय या संघटना उपयोगाची कामंही करतात. मोटारसायकलमध्ये घालायच्या इंजिन ऑइलचा डबा घरात असेल तर उचलून बघा. त्यावर ‘एपीआय’ आणि पुढे दोन-तीन अक्षरं छापलेली असतात. तेलाचा दर्जा सांगणारी ही खूण ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ची. १९१९ साली स्थापन झालेली ही संघटना तेल उद्योगाची मानकं ठरवते. बुलढाण्यातला मेकॅनिकही तिच्यावर विश्वास ठेवूनच तेल ओततो. आणि हीच संघटना अमेरिकेच्या हवामान धोरणाच्या आड जितकी सातत्याने आली तितकी क्वचितच दुसरी कोणी आली असेल.

तिला विज्ञान कळलं नव्हतं म्हणून असं झालं, असं कोणी म्हणू नये. १९५९ साली अमेरिकन तेलधंद्याला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एपीआयने परिसंवाद भरवला. पाहुणे वक्ते होते हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे एडवर्ड टेलर. कोळसा-तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साचत जाईल, उष्णता अडकेल, ध्रुवांवरचा बर्फ वितळेल आणि हे न्यूयॉर्क शहरसुद्धा पाण्याखाली जाईल, असं त्यांनी तेलधंद्यातल्या धुरिणांना समोरासमोर सांगितलं. १९६५ मध्ये एपीआयचे अध्यक्ष फ्रँक आयकार्ड यांनी वार्षिक सभेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या विज्ञान सल्लागारांच्या अहवालाचा दाखला देत वेळ हातातून निसटत चालल्याचं सांगितलं. १९६८ मध्ये खुद्द एपीआयसाठी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने अहवाल केला. पृथ्वीचं तापमान बदललं तर होणारं नुकसान गंभीर असू शकेल, यात त्याच्या लेखकांना शंका नव्हती. हे सगळं माणूस चंद्रावर उतरण्याच्या आधीचं.

पुढची वीस वर्षं हा विषय अहवालांत आणि समित्यांत राहिला. १९८८ च्या जूनमध्ये ‘नासा’चे जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी ही हवामानबदलावरची आंतरसरकारी समिती स्थापन झाली. आता सरकार काहीतरी करणार, हे स्पष्ट दिसू लागलं. त्याबरोबर उद्योगांची भाषा बदलली.

१९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन’ उभी राहिली. नाव वाचून वाटावं की ही हवामान वाचवायला निघालेली मंडळी. सुरुवातीला तिचा मुक्काम कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यालयातच होता. एक्सॉन, शेल, बीपी, शेव्हरॉन, फोर्ड, जनरल मोटर्स या कंपन्या तिच्यात होत्या. एपीआय होती, कोळशाची संघटना होती, वीज कंपन्यांची ‘एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट’ होती. म्हणजे संघटनांचीच एक संघटना. एखादी कंपनी एकीकडे स्वतः सभासद, दुसरीकडे एपीआयमार्फतही सभासद. तिच्या पैशाने नेमकं काय केलं गेलं, हे शोधायला बसलं तर डोकं भणाणून जातं.

कोळसावाल्यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र प्रयोग केला. ‘इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्न्मेंट’ असं भारदस्त नाव घेऊन सुमारे पाच लाख डॉलरच्या अंदाजपत्रकानिशी त्यांनी तीन छोटी शहरं चाचणीसाठी निवडली: ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ, केंटकीतलं बोलिंग ग्रीन आणि नॉर्थ डकोटातलं फार्गो. वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर जाहिराती झळकल्या. पृथ्वी तापतेय म्हणता, मग मिनीॲपोलिस गार का पडतंय, अशा धाटणीच्या. मोहिमेचे अंतर्गत कागद फुटले तेव्हा त्यांत उद्दिष्ट स्वच्छ लिहिलेलं सापडलं. तापमानवाढ ही सिद्ध झालेली वस्तुस्थिती नसून नुसता सिद्धान्त आहे, असं लोकांच्या मनात बसवायचं. कोणाच्या मनात, तेही ठरलं होतं: कमी शिकलेले, वयाने मोठे पुरुष आणि कमी उत्पन्नाच्या तरुण स्त्रिया. साबण खपवणाऱ्यांच्या टिपणात असं काही दिसलं तर नवल नाही. इथे खपवायची होती शंका. बोभाटा झाल्यावर मोहीम गुंडाळली गेली, पण तिची पद्धत काही गुंडाळली गेली नाही.

आता १९९५ चा एक कागद. क्लायमेट कोॲलिशनच्या तांत्रिक समितीने आपल्या सभासदांसाठी एक माहितीपत्र तयार केलं. मसुदा लिहिणारे मोबिल कंपनीतले तज्ज्ञ. हरितगृह परिणामाचा आणि त्यावर माणसाच्या उत्सर्जनाचा परिणाम होऊ शकतो याचा शास्त्रीय पाया पक्का आहे, तो नाकारता येणार नाही, असं त्यात त्यांनी लिहिलं. वाढ किती होईल आणि परिणाम काय होतील याबद्दलची अनिश्चितता त्यांनी मांडली होती, आणि ती तेव्हा खरीही होती. पण त्याच मसुद्यात एक वेगळा भाग होता. सूर्यामुळेच तापमान वाढतं वगैरे जे प्रतिवाद तेव्हा फिरत होते ते एकेक घेऊन तपासलेले, आणि निष्कर्ष असा की यातलं काही पटण्याजोगं नाही. अंतिम प्रत सभासदांकडे गेली तेव्हा हा भाग गळलेला होता. संघटनेच्या जाहीर प्रचारात मात्र शंकेखोरांना मानाचं पान होतं. हा कागद एका खटल्याच्या निमित्ताने २००९ मध्ये जगापुढे आला. तोवर संघटना विसर्जित होऊन सात वर्षं झाली होती.

मधल्या काळात क्योटो येऊन गेलं. १९९७ च्या डिसेंबरात जपानमधल्या क्योटो शहरात करार व्हायचा होता आणि त्यात श्रीमंत देशांनी आधी उत्सर्जन कमी करायचं असं ठरलं होतं. कोॲलिशनने आणि तिच्या भाईबंद संघटनांनी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जाहिरातींवर ओतले. टीव्हीवरच्या जाहिरातीत कात्री जगाच्या नकाशातून देश कापून बाजूला काढायची. भारत, चीन, मेक्सिको. या देशांना सूट आणि भुर्दंड मात्र अमेरिकन माणसाला, हा करार जागतिक नाही आणि चालणारही नाही, असा त्याचा मथितार्थ. त्या सुमारास एक अमेरिकन माणूस वर्षाला साधारण २० टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत होता आणि भारतीय माणूस जेमतेम एक टन. जाहिरातीत हा आकडा अर्थातच नव्हता. आपलं नाव दुसऱ्याच्या भांडणात असं वापरलं गेलं, हे भारतात फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच वर्षी २५ जुलैला सिनेटने बर्ड-हेगल ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला होता. विकसनशील देशांना बांधून न घेणारा किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला इजा करणारा करार सरकारने करू नये, असा त्याचा आशय. क्लिंटन सरकारने करारावर सही केली, पण सिनेटपुढे तो कधी ठेवलाच नाही. २००१ मध्ये बुश यांनी तो झटकून टाकला. त्यानंतर काही महिन्यांनी परराष्ट्र खात्यातल्या एक अधिकारी कोॲलिशनच्या लोकांना भेटणार होत्या. त्यांच्या हाती दिलेल्या टिपणात नोंद होती की राष्ट्राध्यक्षांनी क्योटो नाकारला तो काही अंशी तुमच्या म्हणण्यामुळे. पुढच्या वर्षी कोॲलिशन बंद झाली. आपलं काम झालं, असं तिने जाहीर केलं. ते खरंच होतं.

जाहिराती आणि मोर्चे डोळ्यांवर येतात. लॉबिंगचं नाजूक काम होतं ते कागदाच्या समासात. फिलिप कूनी हे एपीआयमध्ये हवामानविषयक गटाचे प्रमुख होते. शिक्षणाने वकील, विज्ञानाची पदवी नाही. २००१ मध्ये ते व्हाइट हाउसच्या पर्यावरण मंडळात ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणून दाखल झाले. सरकारी शास्त्रज्ञांनी लिहिलेले हवामान अहवाल छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जात. २००२ मधल्या एका मसुद्यात, सजीवसृष्टीतल्या बदलांचं कारण हवामानबदल आहे असं ठरवणं कठीण आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. कूनींनी पेनने ‘कठीण’च्या आधी ‘अत्यंत’ घातलं. दुसरीकडे हिमनद्या आणि डोंगरावरचा बर्फ कमी झाल्याने पाण्यावर काय परिणाम होईल याचा परिच्छेद होता. तो त्यांनी खोडला आणि समासात लिहिलं की हे संशोधनाच्या आराखड्याबाहेरचे तर्कवितर्क आहेत. एक विशेषण इथे, एक परिच्छेद तिथे. अहवाल वाचणाऱ्या खासदाराला तो शास्त्रज्ञांचाच वाटणार. २००५ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या दुरुस्त्या छापल्या. दोन दिवसांत कूनींनी राजीनामा दिला आणि आठवड्याच्या आत त्यांना एक्सॉनमोबिलमध्ये नोकरी मिळाल्याचं जाहीर झालं.

अर्थशास्त्राचा मार्ग याहून सभ्य. एपीआय आणि तिच्यासारख्या संघटना दशकानुदशकं सल्लागार कंपन्यांकडून धोरणांच्या खर्चाचे हिशोब करवून घेत आल्या आहेत. नोकऱ्या किती जातील, घरटी किती डॉलर जातील. तापमान आटोक्यात आल्याने काय वाचेल, हा रकाना बहुधा रिकामा. २०१७ च्या १ जूनला ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडताना २०२५ पर्यंत २७ लाख नोकऱ्या जातील असा आकडा सांगितला. तो ‘नेरा’ या सल्लागार कंपनीच्या अभ्यासातला होता आणि तो अभ्यास उद्योगांच्या बाजूच्या संघटनांनीच करवून घेतलेला होता. ही पॅरिस कराराच्या नफ्यातोट्याची तुलना नव्हे, असा खुलासा खुद्द नेराने नंतर केला. खुलासे कोण वाचतं?

एव्हाना बड्या कंपन्यांची भाषा पालटली होती. बीपीने १९९७ च्या सुमारास क्लायमेट कोॲलिशन सोडली, शेलने १९९८ मध्ये, फोर्डने १९९९ च्या अखेरीस. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण एपीआय यांतल्या तेल कंपन्यांपैकी कोणी सोडली नाही. २००९ मध्ये त्याचा मासला दिसला. बीपी, शेल आणि कोनोकोफिलिप्स या कंपन्या पर्यावरणवाद्यांबरोबर एका व्यासपीठावर बसून उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा करा म्हणत होत्या. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या वर्गणीवर चालणारी एपीआय त्याच कायद्याविरुद्ध ‘एनर्जी सिटिझन्स’ नावाने सभा भरवत होती. पहिली सभा १८ ऑगस्टला ह्यूस्टनमध्ये झाली. तेल कंपन्यांचे कर्मचारी बसमध्ये भरून आणले गेले. एपीआयच्या अध्यक्षांचं सभासद कंपन्यांना लिहिलेलं पत्र आधीच फुटलं होतं. कर्मचाऱ्यांना सभेला पाठवा, आणि आपला डाव टीकाकारांना कळू नये म्हणून हे गुप्त ठेवा, अशी त्यात विनंती होती. प्रतिनिधिगृहात काठावर मंजूर झालेलं ते विधेयक सिनेटमध्ये मतदानालाही आलं नाही.

पश्चिमेकडच्या राज्यांत हीच युक्ती आणखी धीटपणे वापरली गेली. तिथल्या ‘वेस्टर्न स्टेट्स पेट्रोलियम असोसिएशन’चं एक सादरीकरण २०१४ मध्ये बाहेर आलं. त्यात संघटनेने कामाला लावलेल्या डझनाहून अधिक मंडळांची यादी होती. ‘कॅलिफोर्निया ड्रायव्हर्स अलायन्स’ म्हटल्यावर टॅक्सीवाले आणि ट्रकवाले डोळ्यांसमोर येतात. मागे होते तेल कंपन्यांचे पैसे. २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कार्बनवर शुल्क लावण्याबद्दल जनमत घेतलं गेलं तेव्हा विरोधी मोहिमेवर ३ कोटी १० लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले. त्या राज्याच्या इतिहासात कोणत्याही जनमताच्या एका बाजूने इतका खर्च झाला नव्हता. सर्वांत मोठ्या देणगीदारांत होती बीपी. आमचा कार्बन शुल्काला विरोध नाही, या मसुद्याची रचना सदोष आहे, असं तिचं म्हणणं. एखाद्या मसुद्याबद्दल ते खरंही असू शकतं. पण तत्त्व मान्य आणि मसुदा मात्र नामंजूर, असं दर खेपेला होऊ लागलं तर वाचकाने काय समजायचं?

या साऱ्याचा हिशोब मांडणं अवघड आहे. लॉबिंगच्या नोंदणीत फक्त खासदार-अधिकाऱ्यांना भेटण्याचा खर्च दाखवावा लागतो. जाहिराती, सभा, पत्रं लिहून घेणारे ठेकेदार त्यात येत नाहीत. कोणत्या सभासदाने किती वर्गणी दिली हेही जाहीर करायचं बंधन नाही. रॉबर्ट ब्रूल आणि ख्रिश्चन डाउनी या दोन अभ्यासकांनी कर विवरणपत्रं चाळून २००८ ते २०१८ या काळातला हवामानाच्या प्रश्नात उतरलेल्या उद्योग संघटनांचा राजकीय खर्च काढला. तो सुमारे ३४० कोटी डॉलर निघाला. त्यात नोंदणीतलं लॉबिंग ७३ कोटींच्या आसपास. जाहिराती आणि प्रसिद्धी मात्र २२० कोटी. म्हणजे लॉबिंगचे जे आकडे बातम्यांत येतात ते पाहून या व्यवहाराचा अंदाज बांधू नये.

२०२१ च्या मार्चमध्ये एपीआयने कार्बनवर किंमत लावण्याला पाठिंबा जाहीर केला. कदाचित आपण त्यावर विश्वास ठेवलाही असता. पण जूनमध्ये एक चित्रफीत बाहेर आली. नोकरभरती करणारे असल्याचं भासवून ग्रीनपीसच्या पत्रकारांनी एक्सॉनचे वॉशिंग्टनमधले ज्येष्ठ लॉबिस्ट कीथ मकॉय यांच्याशी व्हिडिओवर गप्पा मारल्या होत्या. कार्बन कर काही येणार नाही, तो आमच्यासाठी बोलायला बरा मुद्दा आहे, असं ते मोकळेपणाने म्हणाले. सुनावणीला कंपनीला उभं राहावं लागू नये, खासदारांचे फटके संघटनांनी खावेत, अशी व्यवस्था असल्याचंही त्यांनी सांगितलं. एक्सॉनच्या प्रमुखांनी माफी मागितली, हे कंपनीचं मत नव्हे म्हणाले. मला विचाराल तर या विषयावर इतकं प्रामाणिक विधान दुसरं झालेलं नाही.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला एक्सॉन, शेव्हरॉन, बीपी अमेरिका आणि शेल यांच्या प्रमुखांनी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर साक्ष दिली. त्यांच्याबरोबर होते एपीआयचे अध्यक्ष माइक सॉमर्स आणि यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेच्या प्रमुख. कॅलिफोर्नियाचे भारतीय वंशाचे सदस्य रो खन्ना यांनी तेल कंपन्यांच्या प्रमुखांना साधा प्रश्न टाकला. तुम्ही म्हणता विजेच्या गाड्यांना आमचा विरोध नाही. एपीआय त्या गाड्यांच्या सवलतींना विरोध करते आहे. तिचे अध्यक्ष या सुनावणीतच आहेत, त्यांना आत्ता सांगाल का की हे थांबवा? एकानेही सांगितलं नाही. सभासदत्व सोडायलाही कोणी तयार झालं नाही. फ्रान्सच्या टोटल कंपनीने मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत, हवामान धोरणावरचे मतभेद सांगून, एपीआयला रामराम ठोकला होता. म्हणजे दार उघडं होतं.

या आडोशाला कायद्याचं आव्हान मिळालं ते मिनेसोटामध्ये. जून २०२० मध्ये त्या राज्याचे महाधिवक्ता कीथ एलिसन यांनी ग्राहकांची फसवणूक केल्याच्या आरोपाखाली दावा ठोकला. खटला राज्याच्या नव्हे तर संघराज्याच्या न्यायालयात चालावा म्हणून प्रतिवादी साडेतीन वर्षं वरच्या न्यायालयांत लढले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकायला नकार दिला आणि खटला राज्याच्या न्यायालयात परत आला. प्रतिवादींच्या यादीत एक्सॉनमोबिल आणि कोक इंडस्ट्रीज आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटही आहे.